शाळेत अभियांत्रिकी शिकवायची आहे: स्वस्त साहित्य, हत्यारं आणि मराठी मजकूर कुठे मिळेल?

बार्शीकर मास्तर

नमस्कार मंडळी,

बार्शी तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. यंदा सातवी-आठवीच्या कार्यानुभवाच्या जोड तासिका माझ्याकडे आल्या आहेत. आजवर त्या तासांना शुभेच्छापत्रं आणि कागदी फुलं होत आली. मला तिथे अभियांत्रिकी आणायची आहे. म्हणजे मुलांपुढे एखादी अडचण ठेवायची, त्यांनी वस्तू आखायची, बनवायची, मोडेपर्यंत तपासायची आणि सुधारून पुन्हा बनवायची. तरफेचे तीन प्रकार आपण पाठ करून घेतो, पण तरफ लावून काही उचलायची वेळ मुलांवर कधी येत नाही. हे मला फार खटकतं.

एका वर्गात ४५ मुलं. माजी विद्यार्थ्यांनी १५,००० रुपये जमवून दिलेत, पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. प्रयोगशाळेतली दोन टेबलं सोडली तर जागा म्हणजे व्हरांडा. दोन विक्रेते येऊन गेले. रोबोटिक्सची एक पेटी सहा हजारांच्या पुढे. आपल्या पैशात दोन पेट्या येतील, चार-पाच मुलांचे हात लागतील आणि बाकीची टाचा उंचावून बघत राहतील.

तर काय घ्यावं, कुठून घ्यावं, आणि मराठीत वाचायला-दाखवायला काय आहे? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कानस

मास्तर, पेटी घेऊ नका. पैसे हत्यारांवर घाला. साहित्य गावात फुकट किंवा किलोच्या भावानं मिळतं, हत्यार मिळत नाही. आणि चांगलं हत्यार दहा वर्षं पुरतं.

मी चिंचवडला टूलरूममध्ये होतो, निवृत्त झाल्यापासून जवळच्या शाळेत जातो. तुमच्या ४५ मुलांचे पाच-पाचचे नऊ गट करा. प्रत्येक गटाला ३० सेंमीची स्टीलची पट्टी, कटर, छोटी पक्कड आणि एक स्क्रू ड्रायव्हर. सगळ्यांत मिळून दोन छोटे शेगडे (वस्तू घट्ट पकडायचे व्हाइस), चार हॅक्सॉ (लोखंड-पाइप कापायच्या करवती), सपाट आणि गोल कानशी, दोन गुण्या (काटकोन तपासायला), हातानं फिरवायचं ड्रिल, दोन ग्लू गन, दोन मल्टिमीटर (व्होल्टेज-करंट मोजायला). बार्शीतल्याच हार्डवेअरच्या दुकानांत हे सात-आठ हजारांत बसेल. सगळं एकाच दुकानातून घ्या आणि शाळेसाठी आहे हे आधी सांगा, दुकानदार भाव सोडतो. उरलेले पैसे एकदम खर्चू नका. हॅक्सॉची पाती, ग्लूच्या कांड्या, खिळे-स्क्रू, फेव्हिकॉल हे दर महिन्याला संपतं आणि ते संपलं की तास बंद पडतो.

पट्टी स्टीलचीच हवी. प्लॅस्टिकच्या पट्टीचं शून्य काठापासून आत असतं, मुलं काठापासूनच मोजतात आणि सगळं दोन-तीन मिलिमीटरनं चुकतं. शिवाय कटर चालवताना प्लॅस्टिकचा काठ छिलला जातो.

पहिल्या तासाला कुठलंही मॉडेल नको. प्रत्येकाला पुठ्ठ्याची १०० मिमी लांब पट्टी कापायला सांगा. मग दहा जणांच्या पट्ट्या एकावर एक ठेवा. ९७ पासून १०४ पर्यंत सगळं सापडेल. मग विचारा, 'या पट्ट्यांची खुर्ची केली तर डुगडुगेल का? किती फरक चालेल?' टॉलरन्स म्हणजे काय हे मुलांना तिथेच कळतं. मी नवीन आलेल्या अप्रेंटिसला हेच करायला लावायचो.

साहित्याचं म्हणाल तर किराणा दुकानातले खोके, फर्निचरवाल्याकडचे प्लायवूड-एमडीएफचे तुकडे, प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडची कापलेली टोकं, कार्यक्रम झाल्यावर उतरवलेले फ्लेक्स, सायकलवाल्याकडच्या जुन्या ट्यूबा आणि स्पोक. एक पोतं घेऊन मुलांनाच फिरवा. कुठलं साहित्य कशाला चालेल याची पारख फिरतानाच येते.

रानजाई

कानसकाका, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून आमच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवणार आहे.

पाबळचा

मास्तर, तुम्हाला जे हवंय ते महाराष्ट्रात चाळीसेक वर्षं चालू आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम निघाला, आठवी ते दहावीसाठी. आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग. अभियांत्रिकीत लोखंडी अँगल कापणं, वेल्डिंग, सुतारकाम, विटांचं बांधकाम, आराखडा काढणं आणि खर्चाचा अंदाज काढणं हे सगळं येतं.

मी तिथे एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम केला, म्हणून आतली एक गोष्ट सांगतो. शिकवणारे बरेचदा गावातलेच कारागीर असतात. आणि मुलांनी केलेली वस्तू शोभेला ठेवत नाहीत. ती गावात कोणाला तरी लागणारी असते, गिऱ्हाईक पैसे देऊन नेतं. शाळेच्या बाकाचा मोडलेला पाय जोडायचा असो की अंगणवाडीला कपाट हवं असो. गिऱ्हाईक समोर असलं की मुलं मापात कसूर करत नाहीत, कारण दार बसलं नाही तर कपाट परत येणार हे त्यांना ठाऊक असतं.

तुमच्या गावात फॅब्रिकेशनचं दुकान नक्की असेल. त्या माणसाला महिन्यातून एक दिवस शाळेत बोलवा, मानधन द्या, मुलांपुढे त्याला 'सर' म्हणा. पाबळला स्वतः जाऊन या. २००२ पासून तिथे फॅब लॅब (संगणकावर आखलेली वस्तू यंत्रांवर बनवायची कार्यशाळा) आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर आहेत, पण मला विचाराल तर तुम्ही त्याआधी वर्कशॉप बघा.

मीनल_वाशी

मी शिक्षक-प्रशिक्षणात काम करते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बहुतेक शिक्षकांना ऑलिम्पियाडमुळे माहीत असतं. पण त्यांनी उच्च प्राथमिक वयाच्या मुलांसाठी आखणी आणि तंत्रज्ञान या विषयावर फार मोलाचं काम केलंय. पिशवी बनवणं, वजन उचलणारी पवनचक्की, कळसूत्री बाहुल्या असे विषय घेऊन त्यांनी शहरी आणि ग्रामीण मराठी शाळांत मुलांबरोबर काम केलं.

त्यातून मी उचललेली गोष्ट अशी: मुलांच्या हातात साहित्य देण्याआधी कागद द्या. गटानं वस्तूचं चित्र काढायचं, मापं लिहायची, कुठलं साहित्य किती लागेल आणि कोण काय करेल ते लिहायचं. मगच सामानाच्या टेबलाशी यायचं. पिशवीचा विषय साधा वाटतो, पण 'दोन किलो ज्वारी आणि वर टोमॅटो, पिशवीचा बंद हाताला रुतता कामा नये' असं सांगितलं की विचार सुरू होतो. बंद कुठे चिकटवायचा, काठापासून किती आत, एका थराला की दोन. बंदाच्या मुळाशीच पिशवी फाटते हे एकदा पाहिलं की दुसऱ्या चित्रात त्या जागी आपोआप जादा तुकडा येतो.

तुम्ही मूल्यमापनाचं विचारलं नाहीत, पण विचारणार हे नक्की. मी दोन चित्रं शेजारी ठेवून गुण देते, पहिलं आणि मोडून झाल्यावरचं. दुसऱ्या चित्रात काय बदललं आणि का, एवढंच बघायचं. वस्तू सुबक आहे का, याला गुण नाहीत. नाहीतर घरून वडिलांनी करून दिलेली मॉडेलं यायला लागतात.

ओहम

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल थोडं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. सुटे भाग तिथे पेटीच्या मानानं कुठच्या कुठे स्वस्त पडतात. एलईडी रुपया-दोन रुपयांना, पिवळी गिअरवाली बीओ मोटर साधारण पन्नास ते सत्तर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) शंभराच्या आत. भाव वरखाली होतात, पण अंदाजाला हे धरा.

मोटरची गाडी न चालण्याची दोन कारणं मी शाळाशाळांत बघतो. पहिलं म्हणजे खेळण्यातली साधी मोटर थेट चाकाला लावतात. ती मिनिटाला हजारो फेरे फिरते, पण तिला जोर नसतो, गाडीचं वजन आलं की थांबते. गिअरवाली मोटर आतल्या मोटरच्या ४८ फेऱ्यांचा चाकाला एक फेरा देते, म्हणून ती ओढते. हे सांगू नका, दोन्ही मोटरींना दोरा बांधून वजन उचलायला लावा. आधी सायकलच्या दातेरी चाकांचे दात मोजायला लावलेत तर पोरांना गिअरचं गणित लगेच समजतं.

दुसरं कारण चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. व्होल्ट जास्त म्हणून सगळे तीच घेतात. पण तिच्यातून जास्त करंट निघत नाही, मोटर सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि थोड्या वेळात बॅटरी मरते. त्यापेक्षा पेन्सिल सेल चार घ्या, मालिकेत (एकापुढे एक) लावा, ६ व्होल्ट मिळतात आणि कितीतरी जास्त वेळ चालतात. मल्टिमीटर लावून मोटर चालू-बंद करताना दोन्हींचं व्होल्टेज मुलांना वाचू द्या.

आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि कोडिंग पहिल्या वर्षी आणू नका असं माझं ठाम मत आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी टिंकरकॅड या संकेतस्थळावर सर्किट आधी संगणकावर जोडून बघावं, फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलचे बरेच पाठ मराठीतून आहेत.

सुनंदाताई_ना

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. तयार पेटीला इतकं वाईट ठरवू नका. माझ्याकडे पाच विषय, निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी. भंगार गोळा करायला, ओला पुठ्ठा टाकून चांगला निवडायला जो वेळ लागतो तो कोण देणार? पेटीत सगळे भाग एकमेकांत बसतात, तास ठरल्या वेळेत संपतो, आणि जिनं कधी स्क्रू फिरवलेला नाही त्या शिक्षिकेला सुरुवात करायचा धीर येतो. माझी सुरुवात तशीच झाली.

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) आहे. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला पाच वर्षांत मिळून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, १० लाख उभारणीला आणि १० लाख चालवायला. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्यात. मात्र ज्यांना मिळतील त्यांना सांगते, चालवण्याच्या पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. एका शाळेत मी पाहिलंय, थ्रीडी प्रिंटरचं नोझल तुंबलं, दुरुस्तीला माणूस नव्हता, आणि खोलीला कुलूप लागलं. कुलूप लावायचं तर लॅब कशाला?

बार्शीकर मास्तर, तुमच्या जवळपास अशी लॅब असेल तर त्या शाळेला पत्र द्या. आसपासच्या मुलांनाही लॅब वापरू द्यावी अशीच त्या योजनेची अपेक्षा आहे. आमच्याकडे शनिवारी दुसऱ्या शाळेची मुलं येतात.

कानस

सुनंदाताई, वेळेचा मुद्दा मान्य. पण पेटीत सगळे भाग एकमेकांत बसतात, हीच मला तिची अडचण वाटते. भोक जागेवर आलं नाही तर काय करायचं, हा प्रश्नच मुलाला पडत नाही. कारखान्यात माझा निम्मा दिवस त्याच प्रश्नात जायचा.

सुनंदाताई_ना

पण मुलानं सुरुवातच केली नाही तर तो प्रश्न तरी कुठून येणार? आमच्या वर्गात पेटीनं सुरुवात झाली आणि आता मुलं पेटीतले गिअर काढून पुठ्ठ्यात बसवतात. दोन्ही चालतं.

बार्शीकर मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. हत्यारांची यादी घेऊन उद्याच बाजारात जातो. फॅब्रिकेशनवाले आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी निघाले, यायला तयार आहेत.

पहिला मोठा विषय म्हणून पूल घ्यावा असं मनात आहे. आईस्क्रीमच्या काड्यांचे पूल सगळीकडे दिसतात, पण ४५ मुलांना काड्या आणि ग्लू महाग पडेल. काही स्वस्त उपाय?

त्रिकोण

वर्तमानपत्र! रद्दीचा एक ताव कोपऱ्यापासून तिरका, सायकलच्या स्पोकवर घट्ट गुंडाळायचा, शेवटचा कोपरा खळीनं चिकटवायचा आणि स्पोक ओढून काढायचा. कडक नळी तयार होते. टोकं चेपायची, भोक पाडायचं, छोटा नट-बोल्ट लावायचा. बोल्ट पुढच्या वर्षीही वापरता येतात, त्यामुळे पूल जवळजवळ फुकटात होतो. दोन टेबलांत ६० सेंमी अंतर ठेवा, मधोमध बादली टांगा आणि मगानं वाळू ओतत जा. वाळू नंतर काट्यावर मोजा.

सुरुवातीला नुसता चौकोन आणि त्रिकोण बनवून कोपरा ढकलायला सांगा. चौकोन आडवा होतो, त्रिकोण होत नाही. अरविंद गुप्तांनी हेच सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांना दाखवलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या संकेतस्थळावर कचऱ्यातून खेळण्यांच्या कृती आणि मराठी पुस्तकं मोफत उतरवता येतात. तुमच्या 'मराठीत काय आहे' या प्रश्नाचं माझ्या मते हेच पहिलं उत्तर.

पूल मोडतो तेव्हा नीट बघा. वरच्या नळ्या दाबल्या जाऊन मधेच वाकतात, खालच्या ताणल्या जातात आणि बोल्टच्या भोकाशी फाटतात. सगळी मुलं वरची नळी जाड करायला धावतात. त्याआधी एक छोटा प्रयोग करा. एक लांब आणि एक निम्म्या लांबीची नळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभी धरून वाकेपर्यंत दाबा. नळी निम्मी झाली की वाकण्याआधी ती सुमारे चौपट भार सोसते. म्हणजे जाडी वाढवायच्या ऐवजी मधे एक आधार दिला की काम होतं. मग मुलांना मार्केट यार्डातल्या शेडखाली न्या आणि छताचे अँगल बघायला सांगा. तिथे मधले तिरके अँगल कशाला आहेत हे ती तुम्हाला सांगतील.

वायरमन

सुरक्षेचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी वीज खात्यात होतो. भंगार आणताना पुढच्या गोष्टी शाळेत येऊ देऊ नका: जुन्या डबा टीव्हीची आणि मॉनिटरची पिक्चर ट्यूब, मायक्रोवेव्ह, सीएफएल बल्ब, फुगलेल्या मोबाइल-लॅपटॉप बॅटऱ्या. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. सीएफएलमध्ये पारा असतो. डास मारायची रॅकेट मुलं हमखास उघडतात, तिच्यातही चार्ज राहतो. पहिल्या दिवसापासून नियम करा की भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याही मॉडेलला नाही, फक्त सेल. ग्लू गन आणि सोल्डरिंग आयर्न शिक्षकांच्या टेबलावरच.

सिरिंजची जेसीबी (सिरिंजमधल्या पाण्याच्या दाबानं हात हलणारं मॉडेल) करणार असाल, आणि कराच, फार छान विषय आहे, तर सिरिंज आणि सलाइनची नळी औषध दुकानातून नवीनच घ्यायची. दवाखान्यातली वापरलेली कितीही फुकट मिळाली तरी नाही. सुई दुकानातच काढून द्यायला सांगा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर हात लिबलिबीत चालतो, म्हणून पाणी बादलीत बुडवून भरा.

रानजाई

अजून एक बघा मास्तर. गटात मुलं-मुली एकत्र असल्या की करवत मुलाच्या हातात जाते आणि वहीत लिहायचं काम मुलीकडे येतं. कोणी ठरवून करत नाही, पण दर तासाला होतं. आम्ही गळ्यात अडकवायच्या चार पाट्या केल्यात: मापं, कापणी, जोडणी, नोंद. दर तासाला पाट्या फिरतात. सातवीतल्या एका मुलीनं कापणीची पाटी घातली आणि शेगड्यात पाइप इतका सरळ कापला की आता मुलंच तिला बोलावतात. घरी ती वडिलांच्या ठिबकच्या नळ्या कापून देते म्हणे. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

मिशिगनहून

इथे माझी मुलगी शाळेत जे करते ते बघून लिहितोय. अमेरिकेत २०१३ मध्ये आलेल्या विज्ञानाच्या मानकांत अभियांत्रिकी आखणी बालवाडीपासून विज्ञानातच घातली आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या टीच इंजिनिअरिंग या संकेतस्थळावर पाठांचा मोठा साठा मोफत आहे, प्रत्येक पाठाला साहित्याची यादी आणि अंदाजे खर्च दिलेला असतो. त्याच विद्यापीठाचे फेट (PhET) नावाचे संगणकावरचे प्रयोग-खेळ तर मराठीतही आहेत, सर्किटसाठी जरूर वापरा. पण पाठ इंग्रजीत आहेत आणि साहित्य इथलं, मापंही बरेचदा इंचात. कोणी दोन-तीन पाठ निवडून दिले तर मी मराठीत उतरवून देतो, मापं बदलून. साहित्य बार्शीत मिळणारं काय ते मात्र तुम्ही सुचवायचं.

मीनल_वाशी

@मिशिगनहून, नक्की. पाणी गाळण्याचा पाठ आधी घेऊया, तो पावसाळ्यात सगळ्यांना लागतो. मी निवडून उद्या इथेच टाकते.

पैशासाठी आणखी एक. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळा सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना पाठवू शकते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात वस्तू बनवायला १०,००० रुपये येतात. मुलांच्या वहीतली दुसरी चित्रं तिथे उपयोगी पडतील.

बार्शीकर मास्तर

हत्यारं आली, सगळी मिळून ७,४०० ला बसली. फॅब्रिकेशनवाल्यांनी शेगडे बसवायला एक लोखंडी टेबल स्वतःहून करून दिलं, व्हरांड्यात ठेवलंय. काल आठवीचा पट्टी कापायचा तास झाला. ९५ पासून १०६ पर्यंत पट्ट्या निघाल्या, आणि मुलांनी आपणहून पुन्हा कापायची परवानगी मागितली. दुसऱ्या खेपेला बहुतेक पट्ट्या एक-दोन मिलिमीटरच्या आत आल्या.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्राचे पूल. मोटरी आणि सेलचे होल्डर आणायला शनिवारी पुण्याला येतोय. ओहम, तपकीर गल्लीतली दुकानं किती वाजता उघडतात? आणि ४५ मुलांना नऊ मोटरी पुरतील का?

ओहम

अकरानंतर या, त्याआधी निम्मी शटरं बंद असतात. मोटरी बारा घ्या, तीन तरी वायर तुटून बाद होतील. वायरचं टोक मोटरच्या पत्रीला दुकानातूनच सोल्डर करून घ्या आणि त्यावर ग्लूचा थेंब टाका, म्हणजे ओढली तरी निघत नाही. मी शनिवारी तिकडेच असतो, आल्यावर व्यक्तिगत निरोप टाका, बरोबर फिरू.